टोळी कुणाची

आप्पा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहायला बसलेय, तेही निवडणुकीबद्दल. खरं तर सांगण्यासारखं पुष्कळ साठलंय. मी पदवीधर झाले, आपल्या घरातली पहिली. आम्ही तुर्भे सोडून कामोठ्याला आलो, तिसऱ्या मजल्यावर, भाड्यानं. आई खाली बाकड्यावर बायकांशी दोन-दोन तास बोलत बसते आणि वर आली की म्हणते, "हितं कुनाला कुनाचं काय पडलेलं न्हाई." हे सगळं सांगायचं राहूनच गेलं, आणि आज वही उघडली ती कालच्या सभेमुळे. काल संध्याकाळी आमच्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की, मतदानाच्या दिवशी ज्यांनी त्या म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवरून पाडलं ती आमचीच माणसं होती. ते हे बोलतात की नाही, याच्यावर माझा जीव टांगणीला लागला होता. ते बोलले, आणि मला तुम्ही आठवलात.

सर म्हणजे कोण, ते सांगते. कामोठ्यात त्यांचा स्पर्धा परीक्षांचा क्लास होता. मी तिथे शिकायला गेले. परीक्षा काही निघाली नाही, पण फी न घेता त्यांनी मला दोन वर्षं बसू दिलं. यंदा ते महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा मतदारयाद्या, पत्रं, पत्रकं असं लिहिण्याचं सगळं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले होते, "हरलो तरी चालेल, पण लोकांशी खोटं बोलायचं नाही." मी ते कार्यालयाच्या फळ्यावर लिहून ठेवलं. तिथली मुलं हसायची. "मॅडम, हे पुसा, नायतर खरंच हरू आपण." मीही हसायचे, पण पुसू द्यायचे नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या कोपऱ्यावर आमचं टेबल होतं आणि रस्त्यापलीकडे समोरच्या पक्षाचं. त्यांच्या टेबलावर एक काका बसले होते, निवृत्त, जाड चष्म्याचे. यादीत पट्टी ठेवून नाव शोधायचे आणि चिठ्ठी हातात देताना प्रत्येकाला खोली क्रमांक दोनदा सांगायचे. आमच्या मतदारांनासुद्धा. मतदान संपायला तासभर होता. आमच्या कार्यालयातली चार मुलं दोन गाड्यांवरून आली. एकजण म्हणाला, "ओ काका, चला, दुकान बंद करा. झालं तुमचं." काका मान वर न करता म्हणाले, "वेळ झाली की करीन. तुझं नाव सांग, खोली सांगतो." बाकीचे हसले. त्याला ते लागलं असावं. त्यानं टेबल उलटं केलं, दुसऱ्यानं खुर्ची ओढली आणि काका फुटपाथच्या कडेवर पडले. खुब्याचं हाड मोडलं. मुलं निघूनही गेली आणि चिठ्ठ्या रस्ताभर उडत राहिल्या. त्या रात्री आमचं पत्रक निघालं, की हा प्रकार बाहेरून आलेल्या समाजकंटकांनी केला, त्याच्याशी आमचा काहीही संबंध नाही. टाइप मी केलं. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली. सर निवडून आले, फार थोड्या मतांनी.

गुलाल झाडून घरी आले आणि झोप लागेना. डोळे मिटले की तुमचं तुर्भ्याचं मार्केट दिसायचं. तुम्हाला आठवतं का, मे महिन्याच्या सुट्टीत आई तुमचा डबा घेऊन मला बरोबर आणायची? मी आठ-नऊ वर्षांची असेन. धान्याच्या बाजूला ट्रक लागलेला आहे, तुमची हमालांची टोळी पाठीवर गोणी घेऊन फळीवरून उतरतेय. तुम्ही मुकादम, पण तुमच्याही पाठीवर गोणी आहेच. आणि साखरेची एक गोणी खाली पडते, शिवण उसवते, पांढरा ढीग होतो. सगळे जागच्या जागी थांबतात. तुम्ही गमछ्यानं मान पुसता आणि कुणाकडेही न बघता गाळ्याच्या पायऱ्या चढता. शेठ अजून फोनवर आहे, त्याला काही कळलेलंही नाही.

"शेट, एक गोनी फुटली. आमच्या टोळीकडनं."

"अरे देवा. कोणी फोडली?"

"टोळीनं."

"अरे, पण माणूस कोण, नाव सांग ने."

"माजंच घ्या."

घरी आईनं जेवताना विचारलं, नक्की कुणाच्या हातून पडली. तुम्ही म्हणालात, "हुता कुनीतरी." तुम्ही त्याला चहाच्या टपरीमागे नेऊन किती झापलं होतं, ते मी पाहिलं होतं. पण बाहेर त्याचं नाव गेलं नाही. मला तेव्हा वाटलं होतं की तुम्ही भोळे आहात आणि माणसं तुमचा फायदा घेतात. आईलाही तसंच वाटायचं, ती फक्त मोठ्यानं म्हणायची.

आणि मग ती दुसरी निवडणूक, आपल्या वस्तीतली. मी दहा वर्षांची. तिथल्या पुढाऱ्यानं टेबल तुमच्याकडे दिलं होतं, कारण तुमच्यामागे टोळी होती. त्याच्या बदल्यात मला नेरूळच्या चांगल्या शाळेत घालायला तो पत्र देणार होता. मी त्या शाळेच्या गणवेशाचा रंगसुद्धा मैत्रिणींना सांगून टाकला होता. दुपारी तुम्ही जेवायला घरी आलात तेवढ्यात तुमच्या टोळीतल्या दोघांनी समोरच्या टेबलावरच्या माणसाला मांडवाच्या बांबूनं मारलं. आपल्या गल्लीपासून तिसऱ्या गल्लीतला, भाजीची गाडी लावणारा माणूस. डोक्याला टाके पडले. संध्याकाळी पुढारी सगळ्यांना सांगत होता, "जुनं भांडण होतं त्यांचं. निवडणुकीचा संबंध नाय." तुम्हालाही तेच सांगायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, चल. मला वाटलं पाव आणायला. तुम्ही सरळ त्या गल्लीत शिरलात. दारात त्या माणसाची बायको भांडी घासत होती. तिनं तुम्हाला ओळखलं आणि राखेचा हात तसाच वर करून उभी राहिली. "आता कशापायी आलास? जित्ता हाय का बगायला?" तुम्ही चपला काढल्यात. घरात शिरायचंच नव्हतं, गल्लीत चपला काढायचं काही कारण नव्हतं. तुम्ही म्हणालात, "वैनी, माजी मानसं हुती. टेबल माज्याकडं हुतं." मग ती जे बोलली ते मला इथे लिहिताही येणार नाही. सगळी गल्ली बाहेर आली होती. तुम्ही खाली बघून ऐकत होतात आणि मी तुमच्या हातातून माझा हात सोडवायचा प्रयत्न करत होते. तुम्ही सोडला नाहीत. ती दमून गप्प झाल्यावर तुम्ही म्हणालात, "त्या दोघास्नी घिऊन चौकीत जातोय. तुमच्याकडचं कुनी येत आसंल तर या."

त्या पुढाऱ्यानं टेबल काढून घेतलं, मंडळाच्या पावतीपुस्तकावरून तुमचं नाव काढलं आणि माझ्या शाळेचं पत्र आलंच नाही. मी तुमच्याशी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी जेवताना ओरडले, "तुम्ही मारलं नव्हतं ना? तुम्ही तर घरी होता! मग तुम्ही कशाला गेलात?" आई म्हणाली, "इचार, इचार, मला बी ऐकू दे." तुम्ही घास खाली ठेवलात. तुम्ही मला कधी रागावायचा नाहीत, त्या दिवशी रागावलात. "फुटली कुनाच्या पाठीवर, त्ये माल ज्याचा त्यो इचारत न्हाई. टोळी कुनाची, त्ये इचारतो. मुकादम म्हनून मिरवायला पायजे, आन् फुटली की म्या घरी हुतो?" एवढं बोलून तुम्ही पुन्हा जेवायला लागलात. मी तरीही रुसून बसले. शाळेचं दुःख खरं होतं, आप्पा. ते आजही थोडं आहे. पण तुम्ही मला त्या सकाळी घरी ठेवू शकला असतात. मुलीसमोर शिव्या खायला कुठला बाप जातो? तुम्ही मला नेलंत, याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते, आणि ते मानायची अक्कल यायच्या आत तुम्ही गेलात.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. हारांचा ढीग, पेढ्यांचे रिकामे पुडे. निवडणूक सांभाळणारे एक जुने कार्यकर्ते शेजारी बसले होते, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, काकांना पाडणारी आपली मुलं होती." आणि चौघांची नावं सांगितली.

सरांनी हातातला पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला. "आज सांगतेयस," एवढंच म्हणाले.

भाऊ हसले. "मॅडम, निवडून आलोय आपण. पोलीस बघतील ना काय ते. उडता तीर अंगावर कशाला घेताय? सर, हिला अजून कॉलेजचं वारं लागलंय."

"भाऊ, काका महिनाभर उठणार नाहीत," मी म्हणाले.

"जाऊ की आपण भेटायला. फळं घेऊन. फोटो पण येईल."

फोटो शब्दावर सरांनी मान वर केली. भाऊंना म्हणाले, जरा बाहेर थांबा. मग मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली, साखरेच्या गोणीची आणि त्या गल्लीची. मी कुणाला कधी सांगितली नव्हती. कॉलेजात तर मी माझे वडील मार्केटमध्ये "कामाला" होते, एवढंच सांगायचे. सरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग पुढे काय झालं त्यांचं?"

"टेबल गेलं. मंडळ गेलं. परत कुणी बोलावलं नाही."

"म्हणजे चांगलं काहीच झालं नाही."

"ते वारले तेव्हा तो भाजीवाला तिरडी बांधायला आला होता," मी म्हणाले. "न बोलवता."

सर म्हणाले, मला विचार करू दे. मला राग आला. यात विचार कसला करायचा? ते दोन दिवस फार वाईट गेले. त्यांना वरून फोन येत होते, ते मला दाराबाहेरून ऐकू यायचं. ते फक्त "हो साहेब, हो साहेब" म्हणायचे. फळ्यावरची ओळ अजून तिथेच होती. ती आपणच पुसावी, असं मला एकदा वाटून गेलं.

आणि काल सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार होता. शाल, नारळ, बायका पुढच्या रांगेत. शाल अंगावर पडायच्या आधीच ते माईकपाशी गेले. म्हणाले, "ज्यांनी काकांना पाडलं ती माझ्या कार्यालयातली मुलं होती. मी त्यांना पाठवलं नव्हतं. पण ती माझ्यासाठी तिथे होती. बाहेरचे लोक म्हणून जे पत्रक काढलं ते खोटं होतं, आणि ते माझं पत्रक होतं." त्यांचा आवाज चांगला नव्हता, आप्पा. वर्गात शिकवताना असतो तसा अजिबात नव्हता. मागून एक माणूस ओरडला, "मग राजीनामा द्या ना!" सर म्हणाले, "तुमचा प्रश्न बरोबर आहे. उत्तर आज माझ्याकडे नाही. मुलांना घेऊन उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जातोय, तेवढं नक्की आहे." दोन-चार लोक उठून गेले. भाऊ तर आधीच गेले होते. शाल खुर्चीवर तशीच राहिली.

आज सकाळी सर तिघांना घेऊन गेले, चौथा गावी पळालाय. पक्षाकडून सरांना नोटीस येणार म्हणतात. आमचं कार्यालय राहील की नाही, मला माहीत नाही. तुमच्या वेळेसारखंच सगळं महाग पडणार बहुतेक. पण मी वीस-बावीस पुढाऱ्यांची भाषणं ऐकली असतील, आणि "माझं" हा शब्द चुकीच्या पुढे लावणारा एकच पाहिला. नाही, दोन. तुम्ही पुढारी नव्हता एवढंच.

दुपारी सरांबरोबर मी दवाखान्यात गेले. काका पडूनच होते. सरांना म्हणाले, "उशीर केलात." सर म्हणाले, "हो." निघताना काकांनी मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू बोललीस म्हणून हे झालं, असं कळलं. शाब्बास."

आता राहिलेलं लिहिते. मतदानाच्या त्या संध्याकाळी, पत्रक काढायच्या आधी, सरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, "तू समोरच होतीस. कोण होते ते? आपले तर नव्हते ना?" मतमोजणी दुसऱ्या दिवशी होती. मला ते निवडून यायला हवे होते, आप्पा, कुठल्याही परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त. मी म्हणाले, "गर्दी होती, सर. नीट दिसलं नाही." माझ्या त्या वाक्यावर ते पत्रक उभं राहिलं. काल माईकवर सरांनी हे सांगितलं असतं तर ते खरंच ठरलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. आज काकांसमोरही नाही.

काकांचं "शाब्बास" मी घेतलं. खाली बघितलं आणि घेतलं. तुम्ही आज इथे समोर बसलेले असतात, तर हे शेवटचं मी तुम्हालाही सांगितलं नसतं.