अर्धा कॅरेट गेला कुठे?

रविवार, संध्याकाळ

साखरपुड्याची अंगठी अजून ठरली नाही, आणि मला तर मजाच वाटतेय. सराफांनी दोन हिरे समोर ठेवले. दोन्ही अर्ध्या कॅरेटचे, तरी एक चांगला पसरट, मोठा दिसणारा. अण्णांनी, माझ्या बापानं, खिशातून चक्क जाडी मापायचा व्हर्नियर काढला! द्राक्षाचा मणी त्यात धरून मिलिमीटर बघायचे, मणी जाड तर माल निर्यातीचा. द्राक्षबागेत त्यांचा जन्म त्यातच गेला. दोन्ही हिरे मापले आणि म्हणाले, "पसरट घे. मोठा हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मग दुसऱ्याचं वजन गेलं कुठे, मी विचारलं. सराफ हसले. "ताई, कॅरेट म्हणजे वजन. आकार नाही." त्यांनी लहान दिसणारा हिरा चिमट्यात आडवा धरला. खाली केवढं पोट! वरून पत्ताच लागत नाही. म्हणे त्या पोटामुळेच उजेड आत फिरून वर येतो. खरंच, पसरट हिरा मधोमध काचेसारखा निस्तेज दिसत होता.

घरी आले तरी ते पोट डोळ्यांसमोरून जात नाही. अंगठीत बसवल्यावर ते कुणाला दिसणार? तरी मला तोच हवाय. का, ते नीट सांगता येत नाही.

जेवताना धीर करून म्हटलं, "अण्णा, तोही तेवढाच आहे. फक्त खाली आहे."

अण्णांनी हातातला घास आडवा धरून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे व्हर्नियर उभा लावायला पायजे होता."