तिला सांगायचं होतं ते

आई, हडपसरच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून तुला लिहिते आहे. साडेनऊ वाजलेत. दहा वाजता माझ्या टीममधली एक बाई मांजरी गावातल्या शाळेत जाऊन क्लार्कची नोकरी नको म्हणून सांगणार आहे, तेही माझ्या शब्दावर.

आम्ही परदेशातल्या गिऱ्हाइकांचे फोन घेतो. चिडलेल्या माणसाला शांत करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. गेले तीन महिने तिच्याच फोनची रेकॉर्डिंग निवडून मी वर पाठवते आहे. त्यावरून एआय बोलायला शिकतोय. दिवाळीनंतर फोन तोच घेणार आणि आम्हा चाळीस जणींपैकी चौघी उरणार. आपण केलं नाही तर हे काम फिलिपिन्सला, मनिलाला जाईल, देश मागे पडेल, असं साहेब म्हणाले. ते खोटंही नाही. पण टीमला इतक्यात कळता कामा नये, असंही म्हणाले. देश पुढे न्यायचा तर माणसांना आधी घाबरवायचं नसतं म्हणे. त्या चौघींत मी आहे.

तू एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायचीस. आपोआप फोन लावणारं यंत्र येणार, हे तुमच्या सुपरवायझर बाईंना वर्षभर आधी ठाऊक होतं. तू टेंपररी, तुला नोटीस बोर्डावर कळलं. दर संक्रांतीला त्या बाई शनिवार पेठेत आपल्याकडे हळदीकुंकवाला येतात. तू कुंकू लावतेस, तिळगूळ देतेस, पण 'बसा' म्हणत नाहीस. त्या उभ्याउभ्याच परत जातात. मला तुझी लाज वाटली होती, तसं बोललेही. ओट्यापाशी मटार सोलत तू म्हणालीस, "यंत्राचा राग नाही गं. वर्षभर शेजारी बसून ही बाई बोलली नाही. तेवढ्या वेळात मी टायपिंग शिकले असते."

काल जेवणाच्या सुट्टीत टीममधली ती बाई माझ्याकडे आली. फोनवर इंग्रजी फाडफाड, मराठी मात्र गावाकडची. "मॅडम, शाळेवाल्यांनी उद्या दहाला बोलावलंय. पगार कमी हाय, पण कायमची हाय. आपलं हितलं काम टिकंल ना?"

"टिकेल की," मी डबा उघडत म्हटलं. "तुझ्यासारखीला कोण सोडतंय."

आई, एक सांगते. मोबाइल काढला तो तिलाच लिहायला. 'नको म्हणू नकोस', एवढंच लिहायचं होतं. हात चालेना, म्हणून तुला लिहायला घेतलं. तू कुणाला सांगणार नाहीस. आता दहा वाजून बारा मिनिटं झाली आहेत.