दाव्याची गाठ

तांडेल, दोर माझ्या हातात होता आणि खिशातला फोन थरथरला, त्या घटकेला माझं सगळं बदललं. तुमचंही बदललं, पण ते तुम्हाला कधी कळलं नाही, आणि कळायच्या आत तुम्ही गेलात. त्याला आता सात वर्षं झाली. मी हे कोल्हापुरात, मासळी बाजाराच्या मागच्या खोलीत बसून लिहितोय. दुपारचे दोन वाजलेत, बाजार धुऊन झालाय, आणि समोर टेबलावर वीतभर तार पडलीय. दोन पदर एकमेकांत वळलेले, टोकाला लाल दोरा गुंडाळलेला. आज सकाळी एक सुरमई कापताना तिच्या घशात ही तार निघाली. गळ खोल गेला असणार, म्हणून कुणीतरी तार कापून मासा तसाच बर्फात टाकलेला. माझ्या शेजारचा कापणारा म्हणाला, "टाक की कचऱ्यात, काय देवाचा दोरा सापडल्यागत बघालायस." मी टाकली नाही. लाल दोऱ्याची ती टोकं कुणाच्या हातची हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. तुमच्या घरच्या, काकींच्या हातची.

तुमच्याकडं आलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि तांडेल हे तुमचं आडनाव आहे असं मला पहिले आठ दिवस वाटत होतं. होडीच्या म्होरक्याला तिकडं तांडेल म्हणतात हे मला कोण सांगणार. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातनं उठून आलो होतो. वर्गात एक मुलगी होती, माझा जीव तिच्यावर; एकजण तिच्याबद्दल वंगाळ बोलला, मी त्याला बाकावरनं खाली ओढला आणि त्याचा दात पडला. माफीनामा लिहून दे, म्हणजे परीक्षेला बसू देतो, असं मला सांगण्यात आलं. मी कोरा कागद तसाच टेबलावर ठेवून बाहेर पडलो. घरी आबा म्हशीची धार काढत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हशीला बी डोकं थंड असणारा माणूस लागतोय. तू कशाला बी उपयोगाचा न्हाईस." त्याच दुपारी गल्लीतल्या एकाच्या मासळीच्या टेम्पोत बसलो आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या किनाऱ्याला तुमच्याकडं आलो. आठवडाभर राहून सगळ्यांना घोर लावायचा आणि परत जायचं, असा बेत होता. दोन वर्षं राहिलो.

तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत. "घाटावरचा काय रे? पवता येतं?"

"पंचगंगेत पवतोय की."

"मग बरा हाय. बुडायला जरा टाईम लागंल."

तुमचा पुतण्या इंजिनापाशी बसून हसला. मला राग आला होता, पण रागावून जायला पुढं जमीनच नव्हती.

ते पहिले दिवस मला आजही जसेच्या तसे दिसतात. पहाटे निघायचं, किनारा पुसून जाईपर्यंत जायचं, मग इंजिन हळू करून मागं दोर सोडायचे. दोराच्या टोकाला काकींनी वळलेली तार, तारेला गळ, गळाला अख्खा बांगडा. सुरमईचे दात कात्रीसारखे, नुसता दोर असला तर ती तोडून जाते, म्हणून मध्ये तार. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालायचे आणि वाट बघायची. तासन्‌तास काही होत नाही. मग एकदम दोर असा जातो की ट्यूब तापून वास येतो. माझ्या पहिल्या मोठ्या सुरमईच्या वेळी दोर हातातनं सुटायला लागला तेव्हा मी काय केलं आठवतंय? कडेच्या लाकडी खुंट्याला दोन वेढे मारून गाठ टाकली. माझ्या हातांना तेच येत होतं. सहा वर्षांचा असल्यापासनं मी म्हशींची दावी बांधत आलो, जनावर ओढायला लागलं की दावं खुंट्याला, हे मला विचार करून करावं लागत नाही. तुम्ही उडी मारून आलात, गाठ सोडवलीत आणि तोच हात माझ्या डोक्यात घातलात.

"मेल्या, तुझ्या बापाची म्हस हाय काय ती? बांधतोस काय? बांधली की तोडणार. जाव दे तिला. जाईल तेवढी जाव दे, दमली की तीच सांगंल तुला."

"आन् न्हाय सांगितलं तर?"

"मग तिचं नशीब चांगलं, तुझं वायट. पण बांधायचं नाय."

ती सुरमई चाळीस मिनिटांनी होडीजवळ आली, माझ्या छातीला लागेल एवढी लांब, बाजूवर निळसर पट्टे, आणि तुम्ही तिला आत घेताना माझ्याकडं बघून एवढंच म्हणालात, "हातात कळला काय, कधी दमली ते?" कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी धरून ठेवलं होतं आणि भांडलो नव्हतो. त्या संध्याकाळी मी तिला फोन करून हेच सांगत बसलो. ती म्हणाली, "मासं मारतोस आन् मला सांगतोस व्हय? आमच्या घरात चातुर्मासात कांदा बी चालत न्हाय." आणि मग हळूच विचारलं, "केवढी होती?"

तिच्याबद्दल मी तुम्हाला फारसं बोललो नाही. तुमच्या पुतण्याला माहीत होतं. परत येताना दीपगृहाचा डोंगर दिसायला लागला की फोनला रेंज यायची, आणि मी त्याच्या आधीपासनं खिसा चाचपत बसायचो. तुम्ही म्हणायचात, "घाट्याचा मासा त्या डोंगरापाशी लागतो." तुम्ही सगळं ओळखून होतात, फक्त त्या दिवसाचं तेवढं तुम्हाला कळलं नाही.

तो शुक्रवार होता. दिवसभर काही लागलं नव्हतं. परतीच्या वाटेवरही दोर मागं सोडून ठेवायची तुमची पद्धत, त्यामुळं माझा दोर पाण्यात होता, तुम्ही पुढच्या बाजूला पाठमोरे दुसरा दोर गुंडाळत होतात, पुतण्या इंजिनापाशी. आणि लागली. तसा ओढा मी आधी कधी अनुभवला नव्हता, नंतरही नाही. पहिल्या झेपेत निम्मा दोर गेला. मी तुम्हाला हाक मारली, तुम्ही मागं न बघताच म्हणालात, "जाव दे, जाव दे, हाताखालनं जाव दे." जाऊ देत होतो. ती थांबली. वळली. मला हातात कळत होतं की अजून दोन झेपा, मग ही आपली. तेवढ्यात डोंगर दिसला असणार, कारण फोन थरथरला. एकदा, मग लागोपाठ पाच-सहा वेळा. ती एका वेळी एवढे निरोप कधी पाठवायची नाही.

मी दोर खुंट्याला बांधला. दाव्याची गाठ. फोन काढला आणि वाचला. "रविवारी बघायला येणारेत. घरात सगळं ठरल्यागत बोलालेत. तू ये. आप्पांच्या म्होरं बस आन् बोल. आलास तर मी बी बोलीन." वाचून होईपर्यंत खुंटा करकरला आणि दोर सैल पडला. मी गाठ सोडली, फोन खिशात घातला. तुम्ही वळलात तेव्हा दोर माझ्या हातात होता, वाऱ्यावर हलत होता.

तुम्ही दोर आत घेतलात. टोकाला तुटलेली तार. तुम्ही ती अंगठ्यावर ठेवून बराच वेळ बघितलीत. मला वाटलं, आता माझ्या हातांकडं बघाल. तुम्ही बघितलं नाहीत. "तार गेली," म्हणालात. मग दोर गुंडाळायला घेतलात. माझ्यावर एवढा विश्वास ठेवलेला माणूस मला तोपर्यंत भेटला नव्हता, आणि तो मला त्या दिवशी भेटायला नको होता.

त्या रात्रीचं जेवण मला अजून गिळवत नाही. तुमचं स्वयंपाकघर, चुलीवर बांगड्याची आमटी, काकी मला भात वाढतायत. तुम्ही ती तार त्यांच्या पुढ्यात टाकलीत. "बघ तुझा काम. आयुष्यात एकदा लागते अशी." काकींनी पळी खाली ठेवली. तार दिव्याकडं धरली, पदर उलगडून बघितले. पंचवीस वर्षं त्या तारा वळत होत्या, पडवीच्या खांबाला खिळा ठोकून, बोलता बोलता. म्हणाल्या, "माझीच कुठं ढिली राह्यली आसंल." आणि माझ्याकडं वळून, "तू जेव रे पोरा, भात घे आजून." मी भात घेतला. तांडेल, मी भात घेतला आणि जेवलो. माझ्या तोंडाशी येत होतं, पण मग फोनचं सांगावं लागलं असतं, तिचं सांगावं लागलं असतं, आणि तुम्ही हसला असतात किंवा मला हाकलून दिलं असतंत, आणि यातलं काय जास्त वाईट हे मला ठरवता येईना.

शनिवारी सकाळी मी रत्नागिरीहून बस धरायला हवी होती. धरली नाही. मला वाटलं, आधी तुम्हाला तशीच एक सुरमई काढून द्यायची, मग जायचं. शनिवारी गेलो, काही नाही. रविवारी तुम्हीच म्हणालात, "आज राहू दे." मी म्हणालो, "जाऊया की." त्या दिवशी दोन मध्यम लागल्या. त्या मी पुढ्यात ठेवल्या तर काकी त्या तुटक्या तारेकडंच बघत होत्या. तिला मी एवढंच कळवलं होतं की येतो. मनात म्हणत होतो, ओढायचं नाही, जाऊ द्यायचं, तीच सांगेल. तुमचं ते वाक्य मी नेमकं चुकीच्या जागी वापरलं. आयुष्यभर जिथं तिथं धडका मारल्या आणि जिथं मारायला पाहिजे होती तिथं थंड डोक्यानं बसलो.

सोमवारी कोल्हापुरात उतरलो. ती कॉलेजच्या स्टॉपवर उभी होती, हातात वही, नजर माझ्या चपलांवर.

"आलास व्हय? लई लवकर आलास."

"अगं, तिकडं एक..."

"काय एक? मासा?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"आप्पा दोनदा दारापर्यंत जाऊन आले. मी म्हटलं हुतं, एकजण येणार हाय. पावण्यांच्या म्होरं सांगितलं मी. आता काय बोलू सांग."

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. स्टॉपवरची माणसं बघायला लागली, ती समोरची बस कुठली हे न बघताच चढली. तिला इचलकरंजीला दिलंय. तिच्याबद्दल मला एवढंच माहीत आहे, आणि तिचे निरोप असलेला जुना फोन उरलाय, जो आता चार्जही होत नाही.

मी परत तुमच्याकडं आलो नाही. पुढच्या पावसाळ्यात तुमच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत तुम्ही गेलात, हे मला टेम्पोवाल्याकडनं कळलं. बाजारात कामाला लागलो होतो, हातात सुरी होती, समोरचं गिऱ्हाईक म्हणत होतं, "पावणं, शेपटीकडचं नको." मी त्याला शेपटीकडचंच दिलं.

आज ही तार निघाली म्हणून तुमच्या पुतण्याला फोन लावला. होडी तोच चालवतो. मला वाटलं होतं, काकींनी केव्हाच सोडलं असेल. म्हणाला, "सोडते कसली. आधी गप्पा मारता मारता वळायची, आता एका तारेला सबंध दुपार. वळून झाली की खांबाला बांधते आणि अख्ख्या अंगानं लोंबकळते. तळहात बघशील तर जेवण जाणार नाय तुला. मी विकतच्या आणल्या, त्या विहिरीत टाकल्यान. म्हणते, ते गेले तेव्हा त्यांच्या मनात माझी तुटकी तार होती." मग म्हणाला, "तुझी आठवण काढते हां. घाटावरचा पोर भात लय खायचा म्हणते."

मी फोन ठेवला. तेव्हापासून हे लिहितोय.

याआधी तीनदा मी रत्नागिरीच्या बसमध्ये बसलोय. तीनदा घाटाच्या अलीकडं मलकापूरला उतरलो, स्टँडसमोर चहा प्यायलो आणि उलटी बस धरली. काय बोलायचं ते वाटेत जुळवत जातो, आणि शेवटी "माझी चूक झाली, माफ करा" याच्यावर येऊन थांबतो, आणि तिथं पाय गार पडतात. मी ते भित्रेपणावर घालत होतो. आज लिहिताना कळलं, ते तसं नाही. गप्प बसून भात खाल्ला त्याची मला लाज आहे, आणि ती जायची नाही. पण गाठीचं विचाराल तर, तांडेल, आज परत तसाच दोर हातात असला, मागं तुम्ही उभे असलात, आणि फोनवर तिचं नाव आलं, तर मी परत बांधीन. मासा जाणार हे माहीत असून, ती मिळणार नाही हेही माहीत असून. तुम्ही मला एवढं एकच शिकवलंत आणि तेवढंच मला आलं नाही.

त्यामुळं काकींच्यापुढं माफी मागायला मी जाणार नाही, ती मला कुणाच्याच पुढं जमलेली नाही. तार चांगली होती, एवढं सांगायचं. तीन शब्द. मलकापूरला उतरलो नाही तर. उतरेन असंच वाटतंय.

साडेतीनची बस आहे. तार खिशात घेतो, कागद इथंच राहू दे, तुम्हाला तो कुठं पोचवणार. दार पावसानं फुगलंय, जोर लावून ओढल्याशिवाय बसत नाही. बाहेर पडतो, ओढून घेतो.