टौरंगाजवळचा तिबेट आणि बिनमिठाचा उपमा

टौरंगा, न्यूझीलंड
१४ फेब्रुवारी २००७

मोरेश्वरपंत मास्तर यांस,

तुमच्या पायाखालच्या जमिनीच्या पार पलीकडून नीलकंठाचा दंडवत. (न्यूझीलंड कोल्हापूरच्या बरोबर खाली येत नाही, हे तू भूगोलाचा मास्तर म्हणून उलट टपाली कळवशीलच. ते कळलं असं समजून पुढे वाच.) तुझे गुडघे काय म्हणतात? शकुवहिनींची कंबर? गच्चीवरच्या कुंड्यांतली वांगी या वर्षी तरी धरली का, की अजून नुसतीच पानं बघून समाधान मानतोस? आम्ही इकडे ठणठणीत आहोत. मुलगा, सून, नात सगळे मजेत. माझ्या ब्लडप्रेशरची काळजी करू नकोस. शकुवहिनींना सांग की मी इथेही मीठ जपून खातो. अभिनव म्हणाला, बाबा, पत्र कशाला, ई-मेल करा. पण तुझी ई-मेल तुझ्याआधी तुझा प्रसाद वाचतो आणि मग तुला मोठ्याने वाचून दाखवतो. या पत्रातला काही मजकूर मोठ्याने वाचण्यासारखा नाही, म्हणून हे पाकीट.

तर बातमी अशी, की मी तिबेटात जाऊन आलो. दचकू नकोस. तुला सोडून कैलासाला जाण्याइतका मी नीच नाही. दोन वर्षांपूर्वी यात्रेच्या सरकारी सोडतीत आपली दोघांची नावं एकाच तुकडीत निघाली, दिल्लीच्या तपासणीत माझ्या बीपीने घात केला, आणि तू धडधडीत पास झालेला असूनही माझ्याबरोबर परतीच्या गाडीत बसलास, हे मी विसरलेलो नाही. विसरू म्हटलं तरी जमत नाही. ही हकिगत अभिनवला माहीत आहे, आणि पुढच्या वर्षी आपण दोघेही सत्तरी ओलांडतो, मग अर्जसुद्धा घेत नाहीत, हेही त्याला माहीत आहे. म्हणून आमच्या लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला त्याने आम्हा दोघांना तीन दिवस एका हॉटेलात नेऊन सोडलं. टौरंगापासून तासाभरावर, किवीफळांच्या बागा संपून डोंगर लागतो तिथे, एका हौशी माणसाने तिबेटी मठासारखं आलिशान हॉटेल बांधलंय. नाव लुंगटा लॉज. गाडीतून उतरवताना पोरगा म्हणाला, बाबा, तुमचा तिबेट राहिला होता ना, हा घ्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते का, ते सांगतो, पण आधी हॉटेल.

मोऱ्या, काय थाट सांगू! वर निमुळत्या होत जाणाऱ्या पांढऱ्याशुभ्र भिंती, माथ्याला गेरूसारखा लाल पट्टा, काळ्या चौकटींच्या खिडक्या, छपरावर सोनेरी कळस आणि दोरीवर फडफडणाऱ्या रंगीत पताका. छत्तीस वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसीअर म्हणून काढलेली असल्यामुळे मी आधी भिंत ठोकून पाहिली. आत पोकळ! लाकडी सांगाडा आणि वर फळ्या. पण गिलावा असा सफाईदार, की आपल्या खात्यातल्या एकाही कंत्राटदाराला उभ्या जन्मात जमला नसता. मी ठोकत होतो तेवढ्यात वसुधाने दारात चपला काढल्या. कळस दिसला की तिचे पाय आपोआप चपलांतून बाहेर येतात, तिचा इलाज नाही. मग मीही काढल्या. दारावरच्या माणसाने चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता आमची पादत्राणं एका तबकात घेतली आणि आत गेला. संध्याकाळी ती खोलीत आली, मलमलीच्या पिशवीत, चक्क पॉलिश करून. त्यात माझ्या रबरी स्लिपर होत्या. (इथे त्यांना जँडल्स म्हणतात.) रबरी स्लिपरला पॉलिश झालेलं पाहून मी दोन दिवस त्या पायात घातल्या नाहीत, नुसत्या बघितल्या.

आत स्वागताच्या टेबलावर पितळी घंगाळ, त्यात पाणी आणि गुलाबाच्या पाकळ्या. वसुधाने ते पाणी डोळ्यांना लावलं, थोडं माझ्याही डोक्यावर शिंपडलं आणि घंगाळात एक नाणं टाकलं. पाठीमागे उभ्या असलेल्या दोन गोऱ्या बायकांना तो इथला रिवाज वाटला. त्यांनीही डोळ्यांना पाणी लावलं, नवऱ्यांच्या डोक्यावर शिंपडलं. खोलीत पलंगाशेजारी एक सुबक प्रार्थनाचक्र होतं. वसुधाने अंघोळ केली, केस पुसले, डोळे मिटले आणि चक्र फिरवलं. दोन मिनिटांत दारावर टकटक. वेटर. काही हवंय का? नको म्हणून पाठवला. तिने पुन्हा मनोभावे फिरवलं. पुन्हा वेटर. तिसऱ्या खेपेला तो बिचारा चहाचा ट्रे घेऊनच आला. ते चक्र म्हणजे नोकराला बोलावण्याची घंटी होती. पंचेचाळीस वर्षांत तिच्या प्रार्थनेला इतकं तातडीने उत्तर कधी मिळालं नव्हतं, असं मी म्हणालो, तर तिने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं की खरं आहे, त्यातलं एक उत्तर समोरच बसलंय.

चहा तिबेटी होता, लोण्याचा आणि खारट. आपण जोतिबाच्या पायऱ्या चढून सराव करत होतो, तेव्हा तू थर्मासमधून असलाच काहीतरी काढा आणायचास आणि नाक दाबून मला पाजायचास, आठवतं? मी तीन कप प्यालो. वसुधाने एक घोट घेऊन कप खिडकीतल्या झाडाला दाखवला. (झाड दुसऱ्या दिवशी बरं होतं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी गंमत झाली. वसुधाचं म्हणणं, कळस आहे, पताका आहेत, तर प्रदक्षिणा घातल्याशिवाय नाश्ता नाही. आम्ही अनवाणी निघालो. हॉटेलभोवती दगडी पायवाट आहे, पण उजवी घालायची तर ती बरोबर पोहण्याच्या तलावावरून जाते. तिथे लोक टॉग्जमध्ये, म्हणजे पोहण्याच्या तोकड्या कपड्यांत, ऊन खात पडलेले. मी म्हटलं, उलटीकडून जाऊ. ती म्हणाली, देवाला डावं घालू? आणि पदर खोचून त्या उघड्याबंब मंडळींच्या मधून सरळ चालू लागली. मी खाली मान घालून मागे. तिसऱ्या फेरीला वेलिंग्टनहून आलेलं एक रिटायर्ड जोडपं उठलं. किआ ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणाले आणि हे काय करता विचारलं. मी माझ्या इंग्रजीत समजावलं. ते टॉवेल गुंडाळून आमच्या मागे आले. पुढच्या सकाळी आम्ही नऊ जण होतो. मॅनेजरबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ती पायवाट म्हणे खास प्रदक्षिणेसाठीच आखलेली होती, आणि हॉटेल उघडल्यापासून एकाही पाहुण्याने ती वापरली नव्हती. निघायच्या दिवशी तर पाटीच लागली: सकाळी साडेसहा, मिस्टर नीलकंठ यांच्यासोबत प्रदक्षिणा. चौदा जण आले! अभिनव, ममता आणि सुरुची आम्हाला न्यायला आले तेव्हा बाप अनवाणी पुढे आणि मागे टॉवेलमधली फौज, असा देखावा. अभिनव गाडीतून उतरलाच नाही. सुरुची मात्र धावत येऊन रांगेत घुसली. मराठी सगळं कळतं पोरीला, उत्तर मात्र इंग्रजीत. मी विचारलं, कसं वाटलं? तर म्हणाली, "स्वीट अ‍ॅज, आजोबा!" म्हणजे झकास.

हसलास ना? आता ऐक. आमची खोली आवरायला एक मुलगी यायची, डोल्कर नावाची. तीस-बत्तिशीची, गोल चेहऱ्याची. त्या अख्ख्या तिबेटी हॉटेलात तिबेटी अशी ती एकटीच. पहिल्याच दिवशी वसुधाच्या अंगातला मरून स्वेटर बघून ती थबकली आणि शुद्ध कोल्हापुरी हेल काढून म्हणाली, "घ्या ना ताई, शेवटचा भाव!" वसुधा पलंगावर बसलीच. पोरगी जन्मली कर्नाटकात, मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत. तिची आई दर थंडीत कोल्हापुरात रस्त्याकडेला स्वेटर विकायला बसायची आणि ही लहानपणी तिच्या शेजारी. मराठी येते ती तेवढीच, घासाघिशीपुरती. पुढचं सगळं हिंदीत. वसुधा म्हणाली, बघ, तुमच्या तिबेटी लोकरीचा हा स्वेटर अठरा वर्षं झाली तरी उसवला नाही. डोल्कर पोट धरून हसली. काकू, तो लुधियानाचा, आम्ही तिथूनच आणायचो. मी भिंत ठोकून दाखवली, की ही पण पोकळच. ती म्हणाली, ठाऊक आहे, रोज मीच पुसते.

तिने तिबेट पाहिलेला नाही. तिच्या आईनेही नाही. आजी तेवढी तिथून चालत आलेली. ती मुंडगोडला वारली तेव्हा तिची एकच इच्छा राहिली होती, मरायच्या आधी एकदा कैलासाला फेरी घालायची. हे सांगता सांगता डोल्कर उशांचे अभ्रे बदलत होती. मी उगाच मध्ये बोललो, की मलाही बोलावणं आलं होतं. सगळं जमलं होतं. तिचे हात थांबले. मग का नाही गेलात काका? मी म्हटलं, डॉक्टरांनी नापास केलं. (वसुधा तेव्हा खिडकीबाहेर बघू लागली.) डोल्करने अभ्रा ओढून नीट बसवला. निघायच्या दिवशी मात्र एक पांढरा रेशमी खाता, म्हणजे त्यांच्याकडे देवाला आणि मानाच्या माणसाला घालतात तसला शेला, घेऊन आली. आजीचा होता. म्हणाली, आम्हाला तिकडे जाऊ देतील की नाही देव जाणे, तुम्हाला देतात. तब्येत बरी झाली की न्या, आणि तिथे एखाद्या दगडावर ठेवून या. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि हात पुढे केले.

असो. हॉटेल फार छान होतं. अभिनवने फार केलं आमच्यासाठी. आम्ही मार्चअखेर परत येतोय. वांग्यांना राख घाल. शकुवहिनींना नमस्कार, प्रसादला आशीर्वाद.

तुझा,
नीलकंठ

ता. क. १: पॉलिश केलेल्या स्लिपर तुला दाखवायला आणतो आहे. माझं सांगणं तुला खरं वाटणार नाही, म्हणून.

ता. क. २: माझं सांगणं खरं वाटू नये, असा आणखी एक प्रसंग आहे. मोऱ्या, दिल्लीला मी नापास झालो नव्हतो. एकशे तीस, पंच्याऐंशी. डॉक्टर म्हणाला होता, जा काका, घोड्यासारखे आहात. आदल्या रात्री धर्मशाळेत कैलासाला जाऊन आलेल्या त्या गृहस्थाने तिथल्या उंच डोल्मा खिंडीत श्वास कसा अडकतो ते सांगितलं होतं, आणि माझा तिथेच अडकला होता. मी भ्यालो, दुसरं काही नाही. कागद मोज्यात लपवला आणि बाहेर येऊन तुला नापास म्हणून सांगितलं. मला वाटलं तू एकटा जाशील. तू केळं खात होतास. अर्धं मला दिलंस आणि म्हणालास, चल, घरी जाऊ. तेव्हाच सांगायला हवं होतं. परतीच्या गाडीत तरी सांगायला हवं होतं. दोन वर्षं मी तुला तोंड कसं दाखवलं ते मलाच माहीत. वसुधाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, मोजे तीच धुते.

ता. क. ३: प्रसादकडून या वर्षीचे फॉर्म काढून घे. मुदत संपायच्या आत दोन्ही भर, माझी सही प्रसादने केली तरी चालेल असं मी म्हणणार नाही, म्हणून कोऱ्या कागदावर करून सोबत पाठवतो आहे. चिकटवता येते का बघ. नसेल येत तर मी आल्यावर करतो. श्वास अडकायचा तर अडकू दे. तुझं माझ्याशी बोलायचं मन नसलं, तर फक्त तुझा फॉर्म भर, आणि तो शेला तू ने. पण तो तिथे गेला पाहिजे.

ता. क. ४: शकुवहिनींना एकच निरोप. दोन वर्षं मी आलो की त्या माझ्यासाठी वेगळा बिनमिठाचा उपमा करतात आणि माझ्या शेजारी बसून, मला वाईट वाटू नये म्हणून, तू पण तोच खातोस. आल्यावर एक एप्रिलच्या सकाळी मी तुझ्याकडे येईन. उपम्यात मीठ असलं, तर मी समजून जाईन. नसलं, तर मुकाट्याने सगळा संपवीन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन.