पितृपक्षातला अ‍ॅम्प्लिफायर

गंगापूर रोड, नाशिक
२ सप्टेंबर २०२५

चि. विश्वेश यास वेणूदादाचे अ. उ. आ. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, फक्त या खेपेला जरा घाईत आहेत.

पत्र पाहून दचकू नकोस. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलंय, म्हणून फोन बंद. घशातली गाठ वाईट निघाली. एकोणीस तारखेला स्वरयंत्र काढणार. त्यानंतर मी जिवंत असेन आणि मुका असेन. उत्तरा म्हणाली, पहिलं होऊ दे, दुसऱ्याची तर मी लग्नापासून वाट बघतेय. एवढं बोलून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून नुसती उभी राहिली.

माझा जीव अडकलाय तो स्वानंदीत. लेक नोकरी सांभाळून रोज पहाटे माझ्याकडे रुद्राची संथा घेते. निम्मं झालंय. उरलेलं मी रोज थोडं थोडं रेकॉर्ड करतोय. पण मोबाइलवर लावलं की माझा आवाज डबीत कोंडलेल्या माशीसारखा येतो. अनुदात्त, म्हणजे खालचा स्वर, उतरायला निघतो आणि तळाला टेकतच नाही. हेच ऐकून ती शिकली तर चुकीचं पाठ होईल, आणि बरोबर म्हणून दाखवायला माझ्याकडे आवाज नसेल.

सासऱ्यांचे दोन मोठे लाकडी स्पीकर घरात आहेत. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर गेल्या वर्षी धूर काढून निवर्तला. आता स्वस्तातला हवा, कारण दवाखाना पुढे आहे. एक दुकानदार शंभर वॉट सांगतो, दुसरा पाचशे, तिसरा निम्म्या किमतीत हजार. असं अनुमान मी न्यायशास्त्रात कुठे वाचलं नाही. गल्लीतल्या मांडववाल्याने भल्या मनाने त्याचा दिला. लावला, तर रामकुंडावर कुणाचं पोर हरवल्याची घोषणा मीच करतोय असं वाटलं. वरच्या मजल्यावरच्या सुमनबाई खाली येऊन विचारून गेल्या, सापडलं का म्हणून.

लवकर लिही. धीर देऊ नकोस, अ‍ॅम्प्लिफायर सुचव. माया आहेच, ती या वेळी टपालाने पाठव.

तुझा,
वेणीमाधव


पुणे
५ सप्टेंबर २०२५

ती. स्व. वेणूदादास विश्वेशचा शि. सा. न. वि. वि.

धीर देऊ नकोस म्हणालास, म्हणून सुरुवातीचे कागद फाडले. आता विजेवर येतो. माझं पोट त्याच्यावरच आहे.

वॉट विसर. तुझ्या खोलीत माणसाच्या बोलण्याएवढ्या आवाजाला एखाददुसरा वॉट पुरतो, बाकीचे दाराबाहेर उभे असतात. वीस-तीस खरे वॉट असलेला छोटा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर बघ. स्पीकरच्या पाठीवर ओहमचा आकडा आहे, तेवढा अ‍ॅम्प्लिफायरला झेपतो ना, हे दुकानात विचार. बास-ट्रेबलची बटणं मध्यावर ठेव. दुकानदार ढोल असलेलं गाणं लावेल, त्याला हात जोड आणि तुझंच रेकॉर्डिंग लावायला सांग.

दादा, तुझ्याकडे एक कसोटी अशी आहे जी कोणाकडे नसते. ज्याचा आवाज आहे तो माणूस घरातच आहे. स्वानंदीला पाठमोरी बसव. एकदा तू म्हण, एकदा वहिनीने रेकॉर्डिंग लावायचं. कोण बोलतंय ते तिला ओळखता आलं नाही, की तो डबा घ्यायचा. पण हे एकोणीसच्या आत.

मी अठराला येतोय. नको म्हणालास तरी येतोय. रागावण्याचा हक्क तुझा, तो राखून ठेव.

तुझा,
विश्वेश


नाशिक
११ सप्टेंबर २०२५

चि. विश्वेश यास आशीर्वाद.

कॉलेज रोडच्या दुकानदाराने दोन-तीन डबे एकेक दिवस घरी लावून बघायला दिले. तारा मीच जोडल्या आणि सुबक जोडल्या. दोन्ही स्पीकरच्या लाल तारा बाहेरच्या अंगाला, काळ्या आतल्या अंगाला, देवापुढच्या समयांसारख्या. तरी स्वानंदी दर वेळी ओळखते. म्हणाली, बाबा, तुम्ही समोर असता; डब्यातले बाबा भिंतीत कुठेतरी विरघळलेले असतात, आणि खालचा स्वर आला की गायबच होतात.

त्यातला सगळ्यात लहान डबा बरा वाटला, तर उत्तरा आडवी आली. पितृपक्ष लागलाय, नवी वस्तू घरात येणार नाही. आयुष्यभर यजमानांना हे मीच सांगत आलो. देवळ्याच्या एका यजमानाने माझ्या शब्दावर ट्रॅक्टरची खरेदी पुढे ढकलली होती. ती म्हणाली, ऑपरेशन तोंडावर आहे, निदान आत्ता तरी स्वतःच्या शब्दाविरुद्ध जाऊ नका. विश्वेश, शास्त्रावर मी रात्रभर वाद घातला असता. पण ती घाबरली आहे. अमावस्या एकवीसला, मी एकोणीसला मुका. नंतर कसली कसोटी?

आज पहाटे म्हणता म्हणता आवाज फुटला तो पुन्हा जुळलाच नाही. स्वानंदी पुस्तकात बघत राहिली, माझ्याकडे बघायला नको म्हणून. मरणाची भीती म्हणशील तर फारशी नाही. माझ्याच आवाजातून ती चुकीचं शिकेल आणि मी समोर बसून ऐकत राहीन, याने झोप उडाली आहे. काहीतरी कर रे.

तुझा,
वेणीमाधव


पुणे
१३ सप्टेंबर २०२५

ती. स्व. दादास शि. सा. न.

आधी एक काम कर. डाव्या स्पीकरवरची लाल तार काळीच्या जागी आणि काळी लालच्या जागी लाव. समया समोरासमोर शोभतात, स्पीकर नाही. दोन्हीकडे लाल ती लालवरच हवी. तू एक उलटा जोडलास, त्यामुळे एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. डबे बिचारे निर्दोष असतील. यंत्रालाही श्राद्धातलं अपसव्य करायला लावणारा तूच भेटलास!

दुसरं, नवं काही आणू नकोस. माझ्या टेबलावरचा जुना अ‍ॅम्प्लिफायर उद्याच्या बसने पाठवतोय. वहिनीला सांग, ओरखडे बघून खात्री करून घे, याच्याइतकं जुनं काही नाही. तो घ्यायचाही नाही, पाहुणा म्हणून ठेवायचा. पितृपक्षात पाहुण्याला बंदी नसते, उलट जेवायला बोलावतात.

आणि दादा, वहिनीला भिऊ दे. तूही घाबर. मीही इथे तेच करतोय.

तुझाच,
विश्वेश


नाशिक
१२ ऑक्टोबर २०२५

चि. विश्वेश यास अनेक आशीर्वाद. यापुढे सगळे लेखीच.

तू आलास त्या गडबडीत एक सांगायचं राहिलं. तुझा पाहुणा आला, तार सुलटी केली आणि परीक्षा घेतली. मी तोंड मिटून बसलो होतो आणि स्वानंदी पाठमोरी म्हणाली, हे बाबा. उत्तराने तिला वळवून दाखवलं. पोरगी नापास झाली म्हणून घरात एवढा आनंद प्रथमच झाला असेल. मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, तेही सांगतो.

आता कालचं. संथेत गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक तुकड्यानंतर मी तिच्यासाठी जागा रिकामी सोडली आहे. काल स्वानंदी ऑफिसात होती. मी एकटाच ऐकत बसलो होतो. एक तुकडा संपला, जागा आली, आणि स्वयंपाकघरातून उत्तरा म्हणाली, अहो, पुरे आता, घसा धरेल, पाणी आणते.

आणलंही. दारात येऊन माझ्याकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, आणि भांडं हातात धरून थांबली. डबा पुढे म्हणतच होता. मी उठून तिच्या हातातलं पाणी घेतलं आणि सगळं प्यायलो.

मग ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. संथा तिने कधीच घेतलेली नाही. पुढची रिकामी जागा आली तशी तिने ते चरण म्हटलं, अडखळत, दोनदा. दुसऱ्यांदा स्वर वरच राहिला. मी हात गुडघ्याकडे खाली नेला. तिने हाताकडे पाहिलं, आणि तिसऱ्यांदा तो खाली आणला.

तुझा पाहुणा एवढ्यात परत मिळणार नाही. लोभ ठेवशीलच.

तुझा,
वेणीमाधव