लुलुवाला नेऊ देणार नाही

मालगुंड,
६ मे २०२५

प्रिय मनू,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडेल. पडू दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच. तू बरी असशील. तुझे आईवडील बरे आहेत. काकांचा खोकला कमी आहे आणि यंदा हापूस थोडा, पण गोड उतरलाय. शेजारचा शार्दूल उद्या पेट्या घेऊन तुझ्या कोल्हापूरला निघतोय, त्याच्याच हाती हे देते.

हो, मी तुमच्या घरी आहे, अरवा आणि लुलुवा दोघींना घेऊन. गणपतीपुळ्याला समुद्र दाखवते असं सासूबाईंना सांगून काल दुपारी एसटीत बसले. पायरीवर मला बघून यमुनाकाकू एवढंच म्हणाल्या, "पोरी जेवल्यात का? आधी हातपाय धुवा." मागाहूनही त्यांनी काही विचारलं नाही. तुला फोन लावत होत्या, मीच नको म्हटलं. तुझा आवाज ऐकला की मी रडेन, आणि सांगायचं ते राहून जाईल.

धाकट्या लुलुवाला सात पूर्ण झाली. आमच्या बोहऱ्यांत या वयात मुलीची खतना करतात, ब्लेडने कापतात, हे तुला माहीत आहे. त्यावरूनच आपलं तुटलं. येत्या रविवारी मुंबईहून ते करणारी बाई येणार आहे. सासूबाईंनी लुलुवासाठी गुलाबी फ्रॉकही आणून ठेवलाय.

त्या दुष्ट नाहीत गं. मी पाया पडले तेव्हा त्यांचेही डोळे भरले. म्हणाल्या, "माझं झालं, तुझं झालं. ही तहारत आहे, पाकी आहे. आपल्या किताबांत लिहिलंय. उद्या पोरीची नमाज कबूल झाली नाही तर अल्लाला तू जाब देणार आहेस?" मग शेजारच्या कोकणी मुसलमान मास्तरांकडे गेले. ते सुन्नी, शाफई पंथाचे. म्हणाले, "कुराणात याची एकही आयत नाही. पैगंबरांचं वचन म्हणून एक हदीस दाखवतात, पण ती कमजोर आहे असं कितीतरी आलिम, धर्माचे जाणकारच, म्हणतात. आमच्या जुन्या किताबांत आहे, खोटं कशाला बोलू? पण आमच्या घरात कुणाची झाली नाही. आमच्या बायकांची नमाज काय वाया गेली?" आमच्यातल्याही कितीजणी आता गुपचूप टाळतात. नवऱ्याला, खोजेमाला, हे सगळं सांगितलं. तो दुकानाची किल्ली उचलत म्हणाला, "ही बायकांची बाब आहे."

मनू, इथपर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं होतं.

सहा वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, "इन्सिया, अरवाला नेऊ नकोस, मी येते." मी तुला म्हटलं, आमच्या धर्मात नाक खुपसू नकोस. आठवड्याने मेसेज केला, काळजी करू नको, नेलं नाही. ते खोटं होतं. मेसेज केला तेव्हा अरवा पलीकडच्या खोलीत पडून होती. आईसक्रीम देते सांगून मीच तिला नेलं होतं. तिचे हात मीच धरले होते. ती "मम्मी" म्हणून ओरडली, आणि मी तिला गप्प बस म्हटलं. त्यानंतर तिने मला कधी वेणी घालू दिली नाही.

परवा तिने फ्रॉक पाहिला. तेरा वर्षांची आहे आता. म्हणाली, "लुलुवाला नेऊ देणार नाही. तुलापण नाही." म्हणून निघाले. माझ्या हिमतीने निघाले असं समजू नकोस.

आज सकाळी खोजेमा आला. अंगणातच उभा राहिला. "घरी चल. जमातीत मी काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, आधी आईला नाही म्हणून सांग.  तेवढ्यात अरवा बाहेर आली. "पप्पा, माझं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे?" मी तिला आत ओढणार होते. काकूंनी माझा दंड धरला. अरवाने सगळं सांगितलं, न रडता. खोजेमा खालीच बसला. नंतर उठला आणि गेला. वचन दिलं नाही. उद्या सासूबाई येतील.

काका म्हणतात, पोलिसात जा. जाईन. पण तक्रारीत अरवाचं लिहावं लागेल, आणि तिथे पहिलं नाव माझं येईल.  मला आत टाकलं तर या दोघींचं कोण? आणि नाही गेले, तर रविवार आहेच.

तू ये आणि दोघींना घेऊन जा. सुट्टीपुरतं नको, मी न्यायला येईन तोवर. कदाचित मी येऊच शकणार नाही, तरीही. त्या तुझ्याकडे पोचल्या की मी चौकीत जाऊन माझ्या नावासकट सगळं लिहून देईन. आधी जायचं धैर्य माझ्यात नाही.

माफ कर असं तुला लिहीत नाही. तो हक्क आधी अरवाचा, आणि तिच्याकडे मागायला मला अजून तोंड नाही.

तुझी म्हणवत नाही,
नुसतीच,
इन्सिया