लाकडी बिल्ला

ताई,

आता तुला 'मॅडम' म्हणायला हवं, पण जीभ रेटत नाही.

काल तू कंपनीची अधिकारी म्हणून तपासणीच्या पाहुण्यांना आमच्या शिलाईच्या रांगेतून मिरवलंस. जुन्या बाटल्यांपासून केलेलं कापड दाखवलंस. मी शिवते त्या शर्टावर छापलंय, 'पृथ्वीला श्वास घेऊ द्या.' आम्हाला लघवीला जाऊ द्या, हे कुठे छापायचं?

पाहुण्यांनी नेमकं तेच विचारलं. चाळीस बायकांत एकच लाकडी बिल्ला, तो गळ्यात असेल तरच जागेवरून उठायचं, हे खरं का? तू तोंड वर करून म्हणालीस, "छे! असलं काही आमच्याकडे कधीच नव्हतं." तेव्हा बिल्ला माझ्या दोऱ्याच्या डब्यात होता. सुपरवायझरनेच सकाळी लपवायला दिला होता.

कधीच नव्हतं? माझ्या शेजारच्या मशीनवर बसायचीस, तेव्हा बिल्ला मिळाला नाही म्हणून तुझं स्टूल भिजलं होतं. माझी ओढणी तुझ्या कमरेला गुंडाळून मी तुला बाहेर नेलं. आईलासुद्धा कळू दिलं नाही.

हे पत्र पाठवणार नाही, नाहीतर तू बिल्ल्यासकट माझा डबाच गायब करशील. उद्या पाहुणे पुन्हा येतील. मी बिल्ला गळ्यात घालून उभी राहीन आणि भिजलेल्या स्टुलाची गोष्ट सांगेन. घाबरू नकोस, स्टूल माझं होतं म्हणेन.

तू फक्त समोर बस, आणि तसंच तोंड वर करून ऐक.

तुझ्या पाठची